डोळ्यांखालचं काळं

"पोट तेवढं झाका हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि डोळ्यांखालचं ते काळं घालवा. आत्ताच बाळंत झालीय असं वाटायला नको."

"बाळ मांडीवर आहे, आजी. ते कुठे लपवू?" फोटोवाली म्हणाली.

बाळंतीण फिस्सकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

फोटोवालीला या गोष्टींची सवय होती. वीस वर्षं ती हा स्टुडिओ एकटीनं चालवत होती. तिच्याकडे एक पांढरा झगा होता. मागून सात-आठ पिना मारल्या की कुठलीही बाई समोरून परी दिसे. उरलंसुरलं कॉम्प्युटरवर पुसता येई. स्वतःच्या बाळंतपणानंतर मात्र 'जरा बारीक होऊ दे, मग काढू' म्हणत तिनं एकही फोटो काढला नव्हता. लेक मोठी झाल्यावर अल्बम चाळताना म्हणाली होती, "आई, मला दत्तक घेतलंय का गं?" तेव्हा दोघी खूप हसल्या होत्या.

पाचव्या फोटोला बाळानं टाहो फोडला आणि झग्यावर दुधाचे दोन डाग उमटले. सासूबाई कपाळाला हात लावून बाहेर गेल्या. बाळंतिणीनं पिना ओढून काढल्या, जमिनीवरच भिंतीला टेकून फतकल मारली आणि बाळाला पाजायला घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"तीन रात्री डोळ्याला डोळा नाही," ती म्हणाली.

फोटोवालीनं विचारलं, "असाच एक काढू?"

"काढा. कोण बघतंय!"

चार दिवसांनी बाळंतीण एकटीच फोटो न्यायला आली. एकेक बघत गेली. गुळगुळीत गाल, सपाट पोट.

"छान आहे. पण कोण ही बाई?"

फोटोवालीनं खणातून तो जमिनीवरचा फोटो काढून दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग "हा आधी बांधा," म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. हातात तोच फोटो. फोटोवालीनं मनाशी उत्तरं जुळवायला घेतली.

"हा तुम्ही काढलात?"

"हो. तिला विचारून काढला."

सासूबाई स्टुलावर बसल्या.

"काल सुनेच्या हातात बघितला. म्हटलं, काय हा अवतार! मग झोपच लागेना. मला मुलगा झाला तेव्हा मीसुद्धा अशीच भिंतीला टेकून रडायचे. घरात कुणाला पत्ता नाही. आता सांगितलं तर पटायचंही नाही कुणाला."

फोटोवालीनं पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"फ्रेम करून द्या. बाहेरच्या खोलीत लावायचाय."

"कशी करू? सोनेरी?"

"साधी." त्यांनी फोटो काउंटरवर सरळ करून ठेवला. "आणि काच चकाकणारी नको. चेहरा दिसत नाही."