व्हॉल्व्हमनचा समुद्र

"नकाशा बरोबर आहे. तुमचा बदली माणूस गाढव आहे," साहेब म्हणाले आणि व्हॉल्व्हमनचा रजेचा अर्ज त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवला.

साहेबांच्या मागे तो नकाशा काचेत बसवून टांगला होता. पाणीखात्याचे एकोणसाठ व्हॉल्व्ह, लाल ठिपक्यांत. एकोणीस वर्षांपूर्वी व्हॉल्व्हमननंच तो काढून दिला होता. तेव्हा खात्यात माणसं कमी करायची टूम निघाली होती. ज्याचं काम कागदावर येतं त्याला घरी बसवतात, हे ओळखून त्यानं निम्मे ठिपके मुद्दाम भलतीकडे टाकले. गावाचं काही अडलं नाही, कारण पाणी तो स्वतःच सोडायचा. नकाशा पाहुण्यांना दाखवायला असे.

गुपित सुखानं नांदत होतं. मग बायकोनं अल्बानियाचा विषय काढला. लग्नाला तीस वर्षं झाली, समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. तिनं महिनाभर फोनवर बघून शोध लावला की, युरोपातला असून आपल्या ऐपतीतला समुद्र म्हणजे हाच. खोली किनाऱ्याला लागून, न्याहारी फुकट. कुठल्या दिवशी कुठली बस, कुठल्या गावात पाय बुडवायचे, सगळं तिनं वहीत उतरवलं. व्हॉल्व्हमननं नवे बूट घेतले आणि ते सैल व्हावेत म्हणून घरातल्या घरात फेऱ्या मारू लागला.

खात्याचा नियम असा की, लांब रजेआधी बदली माणसानं दोन दिवस एकट्यानं पाणी सोडून दाखवायचं. बदली माणूस बिचारा प्रामाणिक. नकाशा हातात घेऊनच हिंडला. पहिल्या दिवशी स्मशानात गुडघाभर पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृह कोरडं पडलं.

"साहेब, नकाशातच एखादी चूक असली तर?"

"नकाशात?" साहेबांनी खुर्ची वळवून भिंतीकडे पाहिलं. "अहो, या नकाशावर मला बढती मिळाली. यात चूक निघाली तर काढणाऱ्याची पेन्शन मी जागच्या जागी अडकवीन. आहे का चूक?"

"नाही साहेब."

घरी येऊन त्यानं बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, ते काम तिनं थांबवलं नाही.

"मग सांगून टाका की खरं."

"पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत गं."

"एकोणीस वर्षं खात्याला अडकवायला गेलात आणि सापडलात तुम्हीच." एवढं बोलून तिनं थोरल्या बहिणीला फोन लावला. नशिबानं तिकिटं अजून काढायची होती, आणि ताईचा पासपोर्ट कधीचाच तयार होता.

दोघी बहिणी निघाल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला तेव्हा व्हॉल्व्हमन बाजारापाठच्या खड्ड्यात उतरलेला होता. एक हात चावीवर, दुसऱ्यात फोन. बायकोनं आधी न्हाणीघर दाखवलं.

"अहो, इथे कधीही नळ उघडा, पाणी आहेच. कोण सोडत असेल हो?"

"असेल कुणीतरी. बंद कर आधी तो."

मग ती गॅलरीत गेली असावी, कारण वाऱ्याचा आवाज येऊ लागला. चित्र मात्र न्हाणीघराच्या दारावरच गोठलं होतं. खड्ड्यात रेंज धड नव्हती, आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला सोडून वर येता येत नव्हतं.

"दिसला का?" तिनं विचारलं. "तुम्हाला म्हणून मुद्दाम फोन उंच धरलाय."

"दिसला," तो म्हणाला. "बराच मोठा आहे."