बरोबरीचा निकाल

रविवारी सकाळी आई गच्चीवर वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत ओढू लागली, म्हणजे दातवाले काका आले, हे माहेरी आलेल्या लेकीला फाटकातूनच कळलं. काका निवृत्त दंतवैद्य, बाबांचे शाळेपासूनचे मित्र आणि तेव्हापासूनचेच हाडवैरी. खेळातल्या विमानाचं एकेक जुनं इंजिन दोघांकडे होतं, मुठीत मावेल एवढं. कोणाचं सरस, हा वाद तिच्या लग्नाआधीपासून गच्चीवर धुमसत होता. पंच ती.

काकांच्या इंजिनाचा पंखा बोटाने एकदा फिरवला की ते सुरू. शेजारच्या ग्लासातलं पाणीसुद्धा हलायचं नाही. बाबांचं इंजिन आधी बोटं सोलून काढायचं, मग शिव्या खायचं, आणि मग इंधनातल्या एरंडेलाचा फवारा उडवत असं थरथरायचं, की ग्लास आपसूक टेबलाच्या कडेकडे चालू लागायचा.

"बघ, जोर आहे अंगात!" बाबा म्हणाले.

"जोर नव्हे, हिवताप," काका म्हणाले.

"दातपाड्या, तू गप. पंच, बोला."

"बरोबरी," ती नेहमीसारखं म्हणाली.

"हिला कणाच नाही!" बाबा करवादले. "मरायच्या आत निकाल दे गं बाई."

"सावकाश दे," काका म्हणाले. "हा मला पोचवूनच जाणार."

त्याच आठवड्यात बाबा गेले. चहा मागितला, आणि तो येईपर्यंतही थांबले नाहीत.

काही रविवार सुने गेले. मग एका रविवारी सकाळी आईने पुन्हा कपडे आत घेतले. दारात काका, हातात इंजिनाचा डबा.

"सवयीने आलो," ते पुटपुटले.

काकांचं इंजिन एका झटक्यात सुरू झालं. बाबांचं काही केल्या बोलेना. तिची बोटं सोलली.

"शिव्या घाल," काका म्हणाले. "त्याला गोड बोललेलं कळत नाही."

तिने घातल्या. आई दारात थक्क. इंजिन भडकलं, काकांचा पांढरा शर्ट तेलाने माखला, ग्लास कडेवरून खाली गेला.

"निकाल?" काकांनी विचारलं.

"बाबा, काकांचंच चांगलं आहे!" ती त्या आवाजावर ओरडली. "पहिल्यापासून!"

"अगं हळू," काका दचकले, "त्याला ऐकू जाईल."

"जाऊ दे! निकाल दिला असता तर तुम्ही खेळ मोडला असता, बाबा. मग दर रविवारी मी काय सांगून आले असते? तुम्हाला बघायला आले म्हटलं असतं, तर तुम्ही कपाळाला हात लावून माझाच ताप बघितला असता!"