पाटीवरची अंडी

कमलाबाईंना माशातलं कळत नाही, असं काळाचौकीच्या त्या चाळीत आजवर कुणी म्हणालं नव्हतं. म्हणणार कोण? निम्मी चाळ त्यांच्या खानावळीत जेवत होती. बायकापोरं कोकणात ठेवून गिरणीत राबणारे गडी दोन्ही वेळा कमलाबाईंच्या खोलीत पाटावर बसत, आणि बांगड्याच्या कालवणात हात बुडालेला असताना बाईंशी वाद घालण्याइतकं कुणी खुळं नव्हतं. बाजारात त्या दिसल्या की कोळणी शिळा माल आपणहून मागे सारत. कमलाबाई कल्ला उचलून बघत, पोटावर अंगठा दाबत आणि सांगत, "गाबोळी आसा. मादी." घरी मासा चिरला की आत अंड्यांची गाबोळी निघायचीच. नवरा गेल्यावर याच अंगठ्याच्या जोरावर त्यांनी खानावळ चालवली आणि एकुलत्या सरोजिनीला मॅट्रिक करून म्युनिसिपाल्टीच्या शाळेत मास्तरीण केलं. आपल्या अंगठ्यावर त्यांचा देवापेक्षा थोडा जास्तच विश्वास होता.

आणि आता हीच सरोजिनी म्हणत होती, लग्न करीन तर जगदीशशी.

जगदीश मूळचा वेंगुर्ल्याकडचा, परळच्या नाक्यावर राहणारा. बापाच्या जागी गिरणीत चिकटायची सोय असताना या पठ्ठ्यानं काचेच्या पेट्या बनवायचं दुकान टाकलं होतं आणि त्या पेट्यांत शोभेचे मासे ठेवून तो विकत होता. कमलाबाईंच्या डोक्यात हे शिरतच नव्हतं. मासा विकायचा आणि तो कुणी खायचा नाही, हा काय धंदा झाला? हे कारण त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्या स्वतःलाही सांगत नव्हत्या.

एका रविवारी जगदीश सरळ खानावळीतच आला. पंगत बसलेली होती. "काकी, सरोजिनीसाठी विचारायला आलोय," तो म्हणाला. "एकदा माझं दुकान बघा, मग काय ते बोला."

"तुझे मासे बघूक माका दुकानात कित्याक येवचा लागता?" कमलाबाईंनी डाव हवेत उगारला. "हंय घेवन ये. नर खंयचो नि मादी खंयची, बसल्या जाग्यार सांगतंय. मी चुकलंय तर सरोज तुझी. नाय चुकलंय, तर ह्या जिन्यार परत पाय ठेवचो नाय. हे गुणाजी साक्षीदार."

गुणाजी हा गिरणीच्या साचेखात्यातला जुना जॉबर, म्हणजे मागावरच्या कामगारांचा मुकादम, पंगतीतला सगळ्यात वडीलधारा. त्यानं भरल्या तोंडानं मान हलवली. सरोजिनी आतून ओरडली, "आई, मी काय बाजारातली सुरमई आहे का?" पण जगदीश कबूल म्हणून गेलाही होता.

पुढच्या रविवारी चाळीचा अर्धा मजला खोलीत शिरला. जगदीशनं आधी एक बरणी पुढे केली. आत बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे होते. कमलाबाईंनी नजर टाकली न टाकली तोच निकाल दिला. "ही राखी रंगाची, पोटुशी, ती मादी. हो शेपूट फुलवन मिरवता, तो नर. कोंबो नि कोंबडी असता तसा." अगदी बरोबर होतं. पंगतीनं टाळ्या पिटल्या. सरोजिनीचा चेहरा उतरला.

मग जगदीशनं पेटीवरचं फडकं काढलं. आत दोन एंजल मासे होते. पापलेटासारखे चपटे, अंगावर उभ्या काळ्या पट्ट्या, वर-खाली लांब पर. कमलाबाईंचा अंगठा सवयीनं पाण्याकडे निघाला.

"हात नाही लावायचा, काकी. दाबलात तर मरेल तो."

अंगठा मागे घ्यावा लागला, पण डोळे होतेच. एकाचं पोट टपोरं होतं. दुसरा सडपातळ आणि अंगावर धावून जाणारा. "टपोऱ्या पोटाची मादी, गाबोळी भरलीहा तिच्या. हो बारीक दादागिरी करता, तो नर. झाला? ऊठ आता."

जगदीश उठला नाही. "खरं सांगू काकी? मलाही माहीत नाही. एंजल नुसता बघून कुणालाच सांगता येत नाही. जोडीनं फिरतात म्हणजे जोडीच असणार, एवढं मी म्हणतो. कोण काय, ते अंडी घालतील तेव्हा कळेल. घालील ती मादी."

"मगे पेटी हंयच ऱ्हवांदे. माझ्या डोळ्यांदेखत होवंदे काय ता."

पेटी खिडकीपाशी फळीवर बसली. अंडी घालायला उभी सपाट जागा लागते म्हणून सरोजिनीनं शाळेतली एक दगडी पाटी घासूनपुसून आत टेकवून ठेवली. आणि पाणी बदलायला, खाणं टाकायला जगदीश रोज संध्याकाळी हजर होऊ लागला. ज्याला जिना बंद करायचा त्यालाच आपण रोजचा जिना बांधून दिला, हे कमलाबाईंच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. गुणाजी मिशीत हसत होता. कमलाबाईंनी त्या दिवशी त्याला मुद्दाम शेपटीकडची तुकडी वाढली.

छप्पन्न सालचा जानेवारी उजाडला आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीनं रेडिओवरून सांगितलं. गिरणगाव पेटून उठलं. गिरण्या थांबल्या, मोर्चे निघाले, गोळीबार झाले, संचारबंदी लागली. कुणाचा कोण गेला याच्या बातम्या गॅलरीतून गॅलरीत येत होत्या. खानावळीचे पाट भिंतीला टेकून उभे राहिले. जगदीशचा पत्ता नव्हता. सरोजिनी कठड्याशी उभी राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत असे, जेवायला बसली तर घास हातात तसाच राही.

"येयत गो तो," कमलाबाई म्हणत. आवाज नेहमीसारखा ठाम होता. पण जगदीश येऊ नये असं त्यांनी देवाला कितीदा सांगितलं होतं, आणि देवानं नको तेव्हा ऐकलं तर काय करायचं?

हात रिकामे राहिले की त्यांना चैन पडत नसे. माशांचं खाणं संपलं होतं. त्यांनी डब्यातला सुका जवळा, म्हणजे बारीक सुकट, धुऊन वाळवला, पाट्यावर त्याचा भुगा केला आणि चिमूट चिमूट पाण्यात टाकला. जावयाचं करावं तसं त्या माशांचं केलं, म्हणा ना.

त्या जवळ्याचा गुण आला. एका दुपारी टपोऱ्या पोटाची मादी पाटीला पोट घासत वर वर सरकू लागली आणि तिच्यामागे मोहरीहून बारीक अंड्यांची ओळ उमटली. कमलाबाईंनी मांडीवर थाप मारली. "माका शिकवतत!" त्या सरोजिनीला हाक मारणार, इतक्यात दुसरा मासा पुढे झाला. तो बारीक, दादागिरी करणारा, त्यांचा नर. त्यानंही पाटीला पोट टेकलं. आणि त्याच्याही मागे ओळ उमटली.

 त्यांनी पदरानं काच पुसली, पुन्हा बघितलं. दोन्ही माद्या होत्या.

कुणीच बघितलं नव्हतं. सरोजिनी कठड्याशी पाठमोरी उभी होती. पहिलीनं घातली एवढंच सांगितलं असतं तर पैज जिंकली होती आणि जिना कायमचा बंद झाला असता. हाक मारायचं सोडून कमलाबाईंनी पेटीपुढे पाट ओढला. त्या तिथेच बसल्या.

संचारबंदीत दुसरं बघण्यासारखं होतं काय? त्या दोघी आळीपाळीनं अंड्यांना परानं वारा घालत. एक खायला गेली की दुसरी राखण करी. आधी भांडणाऱ्या, आता पाटीपासून हलत नव्हत्या. नराशिवाय ती अंडी फळणार नव्हती, पांढरी पडत चालली. पिठाच्या कण्यांसारखी झाली तरी त्यांचं वारा घालणं चालूच. बघवेना म्हणून कमलाबाईंनी मान वळवली, तर समोर सरोजिनी होती, न जेवलेली, डोळे सुजलेली. इतकी माणसं या खोलीत जेवून जातात, पण पाट उचलल्यावर हिच्याशिवाय आपल्याला कुणी उरत नाही, ही भीती होती त्यांची. तेच ते खरं कारण. ते मनात उघडं झाल्यावर कमलाबाई पदर तोंडाला लावून रडल्या, आणि मग उठून त्यांनी चूल पेटवली.

संचारबंदी सैल झाली तसा जिन्यावर पाय वाजला. जगदीश होता. दाढी वाढलेली, हाताला फडकं गुंडाळलेलं. जखमींना हातगाडीवरून हॉस्पिटलात पोचवत होता, म्हणाला. दुकानातल्या पेट्या फुटल्या, एकही मासा राहिला नव्हता. सरोजिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. गुणाजीही मागोमाग खबर घ्यायला आला होता.

जगदीशची नजर पाटीवर गेली. "काकी! अंडी? कुणी घातली?"

"दोघींनी."

"दोघींनी?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दोन्ही माद्या. मी चुकलंय." हे शब्द त्या चाळीत पहिल्यांदाच ऐकू आले. त्यांनी लगेच पदर खोचला. "पण तूही चुकलंस हां. जोडी म्हणालंस."

"मग पैजेचं काय?" गुणाजीनं विचारलं. "दोघंही चुकलात म्हणजे फिटंफाट."

"गुणाजी, तुम्ही साक्षीदार की कोण? मी चुकलंय तर सरोज त्याची, असा ठरला. तो चुकलो तर काय, ता कोणी बोलला होता?"  कमलाबाई पेटीजवळ गेल्या. दोन्ही मासे अजून त्या पांढऱ्या अंड्यांना वारा घालत होते. "बघ सरोज, किती जपतत एकमेकींका. पण ह्यातसून काय निपजूचा नाय."

सरोजिनीनं आईकडे वर बघितलं. ती उठून आली आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. कमलाबाईंनी थोडा वेळ ते तसंच राहू दिलं. मग जगदीशकडे वळून त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "लग्नाचा बोलूक उद्या तुझ्या आवशीक घेवन ये. नि ही पेटी मिळूची नाय हां तुका, ती हंयच ऱ्हवतली. पाणी बदलूक दोघांनी येवचा. रोज."