मोरशीची पेरणी

अठ्ठावन्न सालच्या उधाणात चौलजवळच्या खाडीचा बांध फुटला आणि मनुबाईच्या भातखाचरात समुद्र शिरला. गावाने जोळ लावला, म्हणजे घरटी एकेक माणूस देऊन बांध पुन्हा उभा केला. पाणी गेलं, पण जाताना मीठ ठेवून गेलं. ते कोण उपसणार? दोन वेळा तिने भात लावलं, दोन्ही वेळा ते पिवळं पडून मेलं.

चार वर्षं अशी गेल्यावर मुंबईच्या गिरणीत असलेला तिचा मुलगा अनंता शिमग्याला येऊन बजावून गेला, "आये, या साली भात न्हाय झालं, तर दिवाळीला तुला घेऊन जानार. मग जमीन पडू दे."

मनुबाईच्या हाताला गावात मान होता. तिच्या खाचरात तणाची काडी दिसायची नाही. म्हणून बांध फुटल्याच्या दुसऱ्या वर्षी पांढऱ्याफटक मातीत गुबगुबीत, लालसर पानांची मोरस, खाऱ्या जमिनीतलं तण, उगवली, तेव्हा ती तडक ते उपटून बेणायला बसली. अर्धं खाचर लख्ख केलं आणि तापाने अंथरूण धरलं. उरलेलं अर्धं तसंच राहिलं. येताजाता तिला त्याची लाज वाटे.

अनंता बजावून गेला त्याच साली वैशाखात शेजारचा धर्माजी बांधावरून ओरडला, "मनुबाय, शेत तुझंच ना गं? एक अंग म्हातारं, दुसरं तरणं कसं?"

तिने नीट पाहिलं. तिने राबून साफ केलेली बाजू अजून पांढरी होती. लाजिरवाण्या बाजूला मात्र मोरस विरळ झाली होती. तिच्या आडोशाने लव्हाळा उठला होता आणि लव्हाळ्याच्या मागून हरळी पसरत आली होती. मनुबाईने तिथली माती उकरली. काळी, भुसभुशीत, आत चक्क गांडूळ! चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट होती, पण झोंबली नाही. पांढऱ्या बाजूची मात्र तिने थू करून टाकली.

ती तिथेच बसली. मोरशीने उन्हापासून माती झाकली होती. तिचीच पानं गळून, कुजून खत झालं होतं. त्या भुसभुशीत मातीतून पावसाचं पाणी मीठ घेऊन खाली उतरलं होतं. आणि गवताला बसायला जागा झाली, तशी मोरस स्वतः मागे सरली होती.

"मी जिला चोर म्हनून हाकललं," ती पुटपुटली, "ती तर राखनदार निघाली."

मृगात तिने हिरव्या बाजूला खारट सोसणारं लाल तांदळाचं राता भात पेरलं. मग गेल्या हिवाळ्यात वाळलेल्या मोरशीची बोंडं चुरून टोपलीत घेतली आणि पांढऱ्या बाजूवर मूठमूठ फेकू लागली.

धर्माजीने कपाळाला हात लावला. "अगं, तन पेरतेस? गाव हसंल!"

"हसू दे. तू बी हस. जेवाया मात्र ये."

दिवाळीला अनंता आला, आईचं सामान न्यायला रिकामी ट्रंक घेऊन. अर्ध्या खाचरात राताच्या लोंब्या वाकल्या होत्या. त्याने दाणा दातांखाली फोडला. मग लाल मोरशीने भरलेल्या बाजूकडे बोट केलं.

"आन् ही गं?"

"तिचं काम चाललंय. मधी पडू नगंस."

त्याने सदरा काढून बांधावर ठेवला आणि विळा मागितला. आठवड्याने तो रिकाम्या हातांनी मुंबईला परतला. ट्रंक घरीच राहिली, पुढच्या वर्षीच्या राताच्या बियाण्याने काठोकाठ भरलेली.