अकरावी घोंगडी

धुळाप्पाला घोंगडीवरून बोललेलं खपत नसे. बाकी काही बोला. त्याच्या टकलावर बोला, बायको फुलाबाई त्याला भर अंगणात झापते त्यावर बोला, गडी हसून मोकळा. पण "घोंगडी टोचती हो" एवढं कुणी म्हणायचा अवकाश, "टोचती? मंग लोनी पांगरा की!" असं म्हणून तो गिऱ्हाइकाच्या हातातला माल ओढून घ्यायचा. आता असा दुकानदार असल्यावर माल खपायचा कसा, तुम्हीच सांगा.

एकोणीसशे एकतीस सालच्या चैत्रातला तो मंगळवार. मोहोळच्या शिवारातल्या वस्तीवरून दहा घोंगड्यांचं ओझं घेऊन धुळाप्पा सोलापूरच्या बाजाराला आला होता, आणि दुपार झाली तरी दहाच्या दहा तशाच पडून होत्या. शेजारचा चादरीवाला मात्र ढीग उपसून मोकळा झाला. लोक येत, घोंगडीला हात लावत, नाक मुरडत आणि चादर घेऊन जात.

एरवी धुळाप्पानं चार शिव्या हासडल्या असत्या आणि ओझं उचललं असतं. आज ते जमण्यासारखं नव्हतं. त्याचा एकुलता मुलगा गुंडा सोलापुरात गिरणीत लागला होता. शिमग्याला घरी आला तेव्हा तो बापाला म्हणाला होता, "आबा, आता बास. फुडच्या बाजारात घोंगड्या खपल्या तर बरं, न्हाईतर मागाचा खड्डा बुजवायचा आन तुमी दोगं माज्याकडं यायचं." आणि धुळाप्पानं रागाच्या भरात "बुजीव!" म्हणून शब्द दिला होता. त्याच खड्ड्यात पाय सोडून त्याचा बाप विणायचा, आजा विणायचा. शब्द देताना हे आठवायला हवं होतं. आता बसा बोंबलत!

आणखी एक सल होता. गुंडा नोकरीला निघाला तेव्हा धुळाप्पानं निवडक काळ्या लोकरीची एक घोंगडी खास त्याच्यासाठी विणली होती. पहिल्याच आठवड्यात पोरानं ती घडी करून परत दिली. "हितं लोक मेंढका म्हनून हसत्यात, आबा." तेव्हापासून ती घोंगडी बापाच्याच खांद्यावर होती.

तर बाजार उठला आणि धुळाप्पा ओझं घेऊन भवानी पेठेत सिद्धलिंगप्पा शेटच्या ओट्यावर येऊन टेकला. शेटचं दुकान भांड्यांचं, पण दोन वर्षांपासून निम्म्या फळ्यांवर ग्रामोफोन मांडलेले. गाण्याच्या तबकड्याही तिथंच मिळत. आज दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वरच्या माडीवर मात्र कुणी बाई गात होती. काय आवाज होता! धुळाप्पा थकवा विसरून ऐकू लागला. एवढ्यात कुणीतरी ओरडलं आणि गाणं मधेच तुटलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं, पुन्हा तुटलं.

"काय चाललंय वो शेट?" त्यानं विचारलं.

शेट कपाळाला हात लावून जिन्यात बसले होते. मुंबईहून रेकॉर्डवाले साहेब आले होते, यंत्रं घेऊन. अक्कलकोटची अक्कम्मा गात होती, तिची तबकडी काढायची होती. शेटनंच खटपट करून हे जमवलं होतं, सोलापूरच्या गाण्याची तबकडी सोलापुरात काढायची म्हणून. आणि ज्यांवर आवाज कोरून घेतात त्या मेणाच्या तीन थाळ्या सकाळपासून फुकट गेल्या होत्या. एकच उरली होती, आणि संध्याकाळच्या गाडीनं साहेब निघणार होते.

"पण बाई तर झ्याक गात्यात की!"

"बाई झ्याकच गाते रे. पूर्वी कर्ण्यात तोंड घालून गायचं असे. कर्णा ठार बहिरा, बोंबलून गावं लागायचं. आता हा नवा माईक आलाय. त्याला सगळंच ऐकू येतं! माडीला दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी, आवाज नुसता घुमतोय. त्यात शेजारचे माग. खटाक खटाक! तेही गाण्यात उतरतात. चादरी टांगून पाहिल्या, काही उपयोग नाही."

चादरी! धुळाप्पाच्या मिशा थरथरल्या.

"चादरीनं काय हुतंय शेट? घोंगडी लावा. आमच्याकडं ढोलावर घोंगडी टाकली की ढोल मुका हुतो. लेकराच्या डोस्क्यावरनं घेतली तर ढग फुटला तरी लेकरू जागं व्हत न्हाय."

वर गेल्यावर साहेबांनी ओझ्याकडे पाहून नाकाला रुमाल लावला. "हे? ह्याला वास येतो."

"तुमच्या यंत्राला नाक बी हाय का?" धुळाप्पा म्हणाला.

अक्कम्मा खळखळून हसली. पन्नाशीची, ठसठशीत कुंकवाची बाई. सकाळपासून गाऊन गाऊन तिचा चेहरा उतरला होता. "लावू दे की साहेब. नाहीतरी तुम्ही हात टेकलेच आहेत," ती म्हणाली.

साहेबांच्या माणसानं हातोडी उचलली तसा धुळाप्पा आडवा झाला. "खिळा मारायचा न्हाय! मला मारा, पर घोंगडीला न्हाय!" मग दोऱ्या बांधल्या आणि त्यानं स्वतः शिडीवर चढून एकेक घोंगडी दुहेरी करून सोडली. तीन भिंतींना नऊ, आणि मागांच्या बाजूच्या खिडकीला दहावी. साहेबांनी मधे उभं राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि जागच्या जागी मेली. त्यांनी पुन्हा वाजवली. मग चष्मा काढून पुसला आणि घोंगडीला पहिल्यांदा नीट हात लावून पाहिला. धुळाप्पाची छाती वीतभर फुगली होती हे शेटनं पुढे कितीकांना सांगितलं.

"दारातून अजून येतोय आवाज," साहेब म्हणाले. "आणखी एक आहे?"

आणखी एक होती. खांद्यावरची. ती बांधायला दारात दोरी नव्हती, खुंटी नव्हती, आणि वेळही नव्हता. धुळाप्पानं ती खांद्यावरून काढली, आत तोंड करून दारात उभा राहिला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पाठीमागे चौकटीत ताणली.

"तीन मिनिटं हलायचं नाही. खोकायचं नाही. लाल दिवा विझेपर्यंत श्वाससुद्धा हळू," साहेबांनी बजावलं.

दिवा लागला. अक्कम्मानं सुरुवात केली. सासरी निघालेल्या मुलीचं गाणं होतं, निम्मं मराठी, निम्मं कानडी. आता ओरडावं लागत नव्हतं, म्हणून ती शेजारी बसून बोलावं तशी गात होती. एका मिनिटात धुळाप्पाचे दंड भरून आले. दुसऱ्या मिनिटात खांद्यात सुया टोचू लागल्या, आणि नेमका तेव्हाच घशात लोकरीचा एक तंतू गेला. अरे देवा बिरोबा! खोकला आला की संपलं. ही शेवटची थाळी. धुळाप्पानं दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं खोकला गिळला आणि हात तसूभर खाली येऊ दिले नाहीत.

गाणं संपलं. दिवा अजून जळत होता. आता जुन्या कर्ण्याच्या काळातली एक रीत होती. गाणं झालं की गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, म्हणजे कारखान्यात तबकडी कुणाची ते कळे. नव्या तबकड्यांवर नाव छापून येतं, त्यामुळे रीत बंद झाली होती. पण अक्कम्मा जुनी माणूस. सवयीनं ती म्हणून गेली, "मी अक्कम्मा, अक्कलकोटची." आणि समोर दारात दोन्ही हात वर करून, डोळ्यांतून पाणी गाळत उभा राहिलेला तो म्हातारा तिला दिसला. ती लगेच पुढे म्हणाली, "आणि घोंगडी धुळाप्पाची, मोहोळची."

दिवा विझला. धुळाप्पा मनसोक्त खोकला.

साहेब चिडले. "नाव कशाला? ते शेपूट मी कापून टाकीन!" असं काहीबाही बोलले. मेणावरचं तिथल्या तिथं वाजवता येत नाही, वाजवलं तर थाळी बिघडते, त्यामुळे काय उमटलं आणि काय राहिलं ते कुणालाच कळलं नाही. पण निघताना साहेबांनी दहाच्या दहा घोंगड्या विकत घेतल्या. अकरावीही मागितली. "ती माज्या पोराची हाय," धुळाप्पा म्हणाला आणि खांद्यावर टाकून चालू लागला.

गुंडाला वाटेतच गाठून त्यानं सगळं सांगितलं. गुंडा हसला. "तुमचं नाव? गान्याच्या तबकडीत? आबा, बाईनं चेष्टा केली असंल. आन बाजारात कुटं खपल्या त्या? एक खुळा भेटला म्हनून रोज भेटनार हाय का? दसऱ्याच्या सुट्टीला येतो, खड्डा बुजवू." घोंगड्यांच्या कौतुकानं फुललेला बाप तिथंच मिटला. दुसऱ्यांदा सांगायची त्याला इच्छाच झाली नाही. फुलाबाईलासुद्धा त्यानं नुसतं "खपल्या" एवढंच सांगितलं.

दसरा आला. सकाळच्या गाडीनं गुंडा येणार होता. धुळाप्पा पहाटेपासून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. बाजूला फुलाबाईनं फावडं आणि पाटी आणून ठेवली होती आणि ती पदर डोळ्यांना लावून आत गेली होती. माग रिकामा होता. सकाळी कुत्रं भुंकलं, गुंडा आला. फावड्याकडे बघितलं, पण उचललं नाही. खड्ड्याच्या काठावर बापाशेजारी बसला.

"आबा, काल गिरणीफुडच्या हाटेलात नवी तबकडी लावली."

धुळाप्पानं फावडं त्याच्याकडे सरकवलं.

"गानं सपलं आन बाई म्हनली..." गुंडानं बापाच्या खांद्यावरच्या घोंगडीकडे बघितलं. "समद्यांनी चहा तसाच ठिवला. कोन रं ह्यो धुळाप्पा, म्हनाय लागली. तीनदा लावाय लावली. मंग म्हनलो, माजा बा हाय त्यो."

फुलाबाई दारात आली होती. तिनं काहीएक न विचारता फावडं उचललं आणि गोठ्यात नेऊन टाकलं.

"चला," गुंडा म्हणाला, "दुपारच्या गाडीनं. तुमी ऐकायला पायजे." आणि त्यानं बापाच्या खांद्यावरची घोंगडी हळूच काढून आपल्या खांद्यावर टाकली.

हॉटेलात बसायला जागा नव्हती. तबकडी लागली. सगळे नावाची वाट बघत होते, धुळाप्पा मात्र मान वाकडी करून भलतंच ऐकत होता. मधेच त्यानं गुंडाचा हात दाबला. "नावाचं सोड. आता ऐक. शेजारी चाळीस माग चालू हुते. एक तरी ऐकू येतूय का?"

"न्हाय, आबा."

"ते माजं काम."

मग अक्कम्मानं नाव सांगितलं आणि हॉटेल दणाणून गेलं. त्या गडबडीत सूतखात्यातला एक सोबती गुंडाला बघून हसला. "काय रं गुंड्या, आज खांद्यावर काय घिऊन हिंडतुयास?"

गुंडा उठून उभा राहिला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"घोंगडी," तो म्हणाला. "धुळाप्पाची, मोहोळची."