वीरणनची गाडी पांढरी केली तेव्हा

मदुरैत फ्लेक्स लावल्याशिवाय कुणी जन्मत नाही, आणि मरत तर नाहीच नाही. सिम्मक्कलच्या चौकात माझं दुकान आहे. चौदा वर्षं झाली, मी लोकांच्या मुंडक्यांखाली सूट-बूट चिकटवते, मागे सिंह सोडते, डोक्यावर पुष्पवृष्टी करते. ज्याच्या दारात शेळीसुद्धा नाही त्याला मी हत्तीवर बसवलंय. नाव माझं मंगै. तोंडाची फटकळ आहे, पण काम चोख, असं गिऱ्हाईकंच सांगतात. मी सांगितलं तर फुशारकी होईल.

पोंगल होऊन आठवडा झाला असेल. भर दुपारी वीरणन दुकानात शिरला. हा आमच्याच गल्लीतला, टॅक्सी चालवतो. गाडी म्हणजे एक जुनी अँबॅसडर, चाकांपासून टपापर्यंत पिवळीधम्मक. गल्लीत शिरली की आंधळ्यालाही दिसावी.

"अक्का, गाडी पांढरी करून दे."

"मग रंगाऱ्याकडे जा की. मी काय ब्रश घेऊन बसलेय?"

"खरी नाही गं. फोटोतली."

त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत ती पिवळी गाडी, तिला टेकून वीरणन, शेजारी त्याची धाकटी बहीण पोन्नुताई, तिच्या कडेवर दीड वर्षाची पोर तेनमोळी, आणि पोन्नुताईचा नवरा कासी पोट आत ओढून उभा.

"येत्या रविवारी भाचीचे कान टोचायचेत. त्यांच्या कुलदैवताच्या देवळात. मंडपाच्या तोंडावर मामाचा फ्लेक्स नको का?"

"हवाच. मग पिवळीला काय झालं?"

वीरणन स्टुलावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोन्नुच्या लग्नात तिच्या सासूनं भर पंगतीत विचारलं होतं, 'मुलीचा भाऊ कोणता, तो टॅक्सीवाला का?' सगळी पंगत हसली. आता म्हणते, कान टोचताना पोरीला कुठल्या मामानं मांडीवर घ्यायचं ते तिथंच ठरवू. आमचा चुलतभाऊ सोक्कनही मामाच लागतो ना! त्याच्याकडे काळी मोठी गाडी आहे, तिच्यात चढायला पायरी लागते म्हणे." त्यानं वर पाहिलं. "अक्का, तेनमोळी माझ्या मांडीवर नाही बसली, तर मी कशाचा मामा?"

मी माउस हातात घेतला.

गाडी पांढरी करणं माझ्या हातचा मळ आहे. फोटोतला सगळा पिवळा रंग एका झटक्यात पकडायचा, त्यातला जीव काढून घ्यायचा आणि वरून थोडा उजेड ओतायचा. सगळ्यांची तोंडं मात्र आधी झाकून घ्यावी लागतात, नाहीतर माणसं भुतासारखी पांढरी पडतात. मी चारही तोंडं झाकली. हात झाकले. पोन्नुताईची साडी हिरवी होती, तिची काळजी नव्हती. मग पिवळा पकडला आणि ओढला. टॅक्सीची नंबरपाटीसुद्धा आपसूक पांढरी झाली, जशी घरच्या गाडीला असते तशी.

"बघ! आता मालक दिसतोस की नाही?"

वीरणन पडद्याजवळ गेला. "ओळखूच येत नाही गं," एवढंच म्हणाला. मला वाटलं कौतुक करतोय. मी मागे दोन सिंह सोडले, वर 'मामा आला रे आला' असं टाकलं आणि पंधरा फुटी छापून दिलं.

"तूही यायचंस," तो जाताना म्हणाला. "तीन बकरे आहेत."

बकऱ्यांना मी कधी नाही म्हटलेलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही उसिलंपट्टीच्या पुढच्या कुलदैवताच्या गावाला निघालो, तर गाव यायच्या आधीच वीरणननं गाडी कालव्यापलीकडच्या चिंचांत घातली.

"इथं का?"

"चाल ना अक्का. तेवढीच भूक लागेल."

फ्लेक्स त्यानं आदल्या दिवशीच गावात पाठवून बांधून घेतला होता. देवळापुढे देवाला वाहिलेले मातीचे घोडे, घोड्यांपुढे मंडप, आणि मंडपाच्या तोंडावर वीरणन, सिंह आणि पांढरीशुभ्र गाडी. वीरणननं कमरेला गुंडाळलेल्या नव्या वेष्टीची घडी नीट केली आणि भाचीच्या आहेराचं ताट डोक्यावर घेऊन आत निघाला. चालच बदलली हो माणसाची!

पोन्नुताईची सासू चेल्लम्माळ फ्लेक्ससमोरच उभी होती. "गाडी घेतली वाटतं," ती म्हणाली, आणि बऱ्यापैकी हसली. वीरणननं माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. मग म्हातारीनं उन्हासाठी हात कपाळावर धरला आणि मान वर केली.

"माझ्या सुनेच्या गळ्यात काय आहे ते?"

मी वर पाहिलं. पोन्नुताईच्या गळ्यातला ताळीचा, मंगळसूत्राचा दोरा, हळद लावून पिवळाजर्द ठेवलेला, सौभाग्याचा, तो पांढराफटक झाला होता. मी तोंडं झाकली, हात झाकले, आणि गळा विसरले. कॉम्प्युटरला काय कळतंय, गाडीचा पिवळा कुठला आणि कुंकवाच्या धन्याचा कुठला! पंधरा फुटी फ्लेक्सवर तो दोरा चांगला मनगटाएवढा दिसत होता.

"माझा मुलगा धडधाकट असताना!" चेल्लम्माळनं छातीवर हात मारला. "देवाच्या दारात! भरल्या मंडपात!"

कासी मागच्या चुलीवरून धावत आला. हातात पळी, ओठाला रस्सा. "आई, मी आहे ना गं. हा बघ."

"तू गप्प बस! तुला कुणी विचारलंय?" मग ती वीरणनकडे वळली. "बहिणीचा दोरा पांढरा करून आणणारा मामा मला नको. पोर ह्याच्या मांडीवर बसणार नाही."

"मी आहे की, अत्तै," सोक्कन पुढे झाला. त्याचा चष्मासुद्धा काळा. "मी घेतो."

वीरणनच्या डोक्यावर ताट तसंच होतं. मला राहवेना. चूक माझी, आणि मार हा खातोय. मी तोंड उघडणार तोच त्यानं मान हलवली, नको, नको म्हणून. मला कळलं. दोरा पांढरा कसा झाला ते सांगायचं तर गाडीचंही सांगावं लागणार. आणि गप्प राहावं तर ह्याची भाची जाणार. मी मनात त्याला दोन शिव्या घातल्या आणि बोलले.

"चूक माझी आहे, अम्मा. गाडी पिवळी होती. पिवळा काढायला गेले, त्यात दोऱ्याचाही निघाला. ह्या बापड्याला पत्ताच नव्हता."

मग सोक्कन खो-खो हसत सुटला. "म्हणजे ती टॅक्सीच!" त्याच्यामागून आणखी पाचपन्नास जण हसले. वीरणन जमिनीकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पोन्नुताई देवळातून आली. कडेवर तेनमोळी, डोकं नुकतंच भादरलेलं, त्यावर चंदन फासलेलं. पोन्नुताईनं फ्लेक्स पाहिला. दोऱ्याकडे एकदा, आणि गाडीकडे कितीतरी वेळ.

"अण्णा, गाडी पांढरी करायला तू सांगितलंस?"

वीरणननं डोक्यावरचं ताट खाली ठेवलं.

"सांग ना!"

"तुझ्यासाठीच गं," तो पुटपुटला. "तुझी मान खाली जाऊ नये म्हणून."

झालं! पोरगी अशी भडकली की मी दोन पावलं मागे सरकले. पोर तिनं कासीच्या हातात दिली, हळदीची वाटी उचलली, मंडपवाल्याची शिडी ओढली आणि साडी खोचून चढली. आधी दोऱ्याला हळद फासली. चेल्लम्माळनं हात जोडले. आता उतरेल म्हणून आम्ही शिडी धरून उभे, तर ही बया गाडीला भिडली! दार झालं, बॉनेट झालं, नंबरपाटी झाली. ओल्या हळदीचे ओघळ खाली सिंहाच्या आयाळीत उतरले.

"अप्पा गेले तेव्हा मी सातवीत होते," ती वरूनच ओरडून बोलत होती, हात थांबवायचं नाव नाही. "हा गिऱ्हाइकाला पुढे शेजारी बसवायचा, का माहितेय? मागच्या सीटवर मी वह्या पसरून अभ्यास करायचे म्हणून. गिऱ्हाईक कुरकुरलं तर सांगायचा, माझी बहीण मास्तरीण होणार आहे. झाले मी मास्तरीण! त्या सीटवर झाले!" आवाज फाटला तिचा. "त्या गाडीची तुला लाज वाटते? मग मलाही पुसून टाक त्या फोटोतून."

सोक्कननं चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला.

ती उतरली. कोपरापर्यंत पिवळी. "कुठंय गाडी?"

"कालव्यापलीकडे," मीच सांगून टाकलं. "चिंचांत लपवलीय."

"जा, घेऊन ये. ती आल्याशिवाय माझ्या पोरीचे कान टोचायचे नाहीत."

"अगं, मुहूर्त," सोनार सुई हातात धरून म्हणाला.

"मुहूर्त थांबेल."

वीरणननं सासूकडे पाहिलं. म्हातारी फ्लेक्सवरच्या हळदीकडे बघत होती. मग ती स्वतःच बोलली. "बघताय काय? पळा! उन्हं चढायला लागली."

तो पळाला. वेष्टी गुडघ्यावर, चपला तिथंच. जरा वेळानं हॉर्न ऐकू आला, आणि धुळीतून ती पिवळी गाडी मातीच्या घोड्यांना वळसा घालून थेट मंडपात. देवळापुढच्या वाजंत्र्यांनी कुणी न सांगता ढोल धरले.

वीरणन उतरायला दार उघडणार, तोच तेनमोळीनं कासीच्या हातून अशी झेप घेतली की पोर खिडकीतूनच त्याच्या मांडीवर. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि काही केल्या सोडेना. पोन्नुताई ओढतेय, कासी ओढतोय, छे!

"असू दे," चेल्लम्माळ म्हणाली. "तिथंच टोचा."

सोनार बिचारा दारात एक गुडघा टेकून बसला. तेनमोळी ब्रूम ब्रूम करत गाडी हाकतेय, तेवढ्यात त्यानं उजव्या कानातून सोन्याची तार आरपार काढलीसुद्धा. पोरीनं फक्त मान झटकली आणि पुन्हा ब्रूम. रडत होता तो वीरणन. चांगला हमसाहमशी, गालांवरून, मिशीवरून, भाचीच्या चंदनावर टपटप.

चेल्लम्माळनं सोनाराच्या डोक्यावरून हात घातला आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"रडायचं ते मागनं रडा, मामा. हलू नका. अजून एक कान राहिलाय."