पांढरी वायर

बाबा गेल्यावर त्यांचा कॅमकॉर्डर माळ्यावरून मीच काढला. दादाने पिवळी वायर टीव्हीला जोडली आणि प्ले दाबलं. शाळेच्या स्टेजवर झालरीचा फ्रॉक घालून मी उभी होते. दोन गिरक्या झाल्या, पडद्यावर मुंग्या आल्या आणि त्यातून दादाची नवी मोटरसायकल निघाली. पुढे कॅसेट संपेपर्यंत मोटरसायकलच. पुढून, मागून, दादा आरसा पुसताना.

"माझा नाच कुठे गेला?" मी विचारलं.

"तुझे बाबा वेंधळेच होते," आई म्हणाली. "चुकून पुसला गेला असेल."

चुकून म्हणे! दादाच्या पहिल्या दातापासूनच्या कॅसेटी लेबल लावून जपल्या आहेत. चुकून पुसलं जातं ते नेमकं माझंच.

मी कॅसेट मागे घेतली. दादाने आवाजाची पांढरी वायर लावलीच नव्हती. ती मी उचलली तशी आई घाईने म्हणाली, "राहू दे गं. चित्र दिसतंय ना? आवाज कशाला हवाय?"

मी वायर खुपसली आणि प्ले दाबलं. बाबांची एक सवय होती, आधी रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि मग विचारायचं. मुंग्या आल्या, मोटरसायकल आली आणि पाठोपाठ बाबांचा आवाज आला, "अगं, या कॅसेटवर काही महत्त्वाचं नाही ना?"

"छे हो," टीव्हीतून आई म्हणाली, "हिचा नाच आहे नुसता. करा तुम्ही."